नापासांचा फ्लेक्स

बाईंच्या वर्गात चूक करायची तर उभं राहून करावी लागे, आणि तीही काट्यावर.

काटा म्हणजे बेलापूरहून श्रीरामपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेचा बंद पडलेला वजनकाटा. पूर्वी तिथं उसाच्या आणि कांद्याच्या ट्रॉल्या तोलल्या जात. मालकानं पुढं नवा इलेक्ट्रॉनिक काटा टाकला आणि जुना तसाच सोडून दिला. जमिनीच्या पातळीत बसवलेली लोखंडी प्लेट, बाजूला खिडकीची खोली, मागं पत्र्याचं शेड. शेडमध्ये वर्ग भरे. खोलीत खडू, पाण्याचा माठ आणि बाईंची छत्री असे. प्लेटवर माणूस चढला की ती किंचित हलायची आणि खालून लोखंडाचा आवाज यायचा. ज्याचं वाक्य चुकलं असेल त्यानं प्लेटच्या मधोमध उभं राहायचं आणि आपलं वाक्य चुकीसकट वाचायचं, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. वाचून झालं की बाई म्हणत, "बस आता. दुरुस्ती सगळे मिळून करू."

नव्या मुलांना ही शिक्षा वाटे. ती शिक्षा नव्हती हे शनिवारी कळे. आठवडाभरात जो एकदाही काट्यावर गेला नसेल त्याला शेड झाडावं लागे. चुकला नाहीस म्हणजे काही केलंच नाहीस, असा बाईंचा हिशेब होता. काट्यावरच्या माणसाला हसायची बंदी होती. जो हसेल त्याचा नंबर पुढचा.

वर्ग इंग्रजीचा होता, तोही इंग्रजीतल्या एका कोपऱ्याचा. बँकेच्या, रेल्वेच्या, कर्मचारी भरतीच्या परीक्षांत वाक्यं दुरुस्त करण्याचे प्रश्न येतात. कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी, किंवा एका रांगेतल्या तीन गोष्टींपैकी तिसरी वेगळ्याच रूपात. आमच्या भागातली मुलं गणितात पुढं जात आणि इथं पडत. बाई फक्त एवढंच शिकवत. मिशनच्या शाळेतून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि चर्चच्या मागच्या आळीत एकट्या राहत. निवृत्तीनंतर काही महिने त्यांनी नगरच्या एका क्लासमध्ये शिकवलं. तिथं त्यांना ट्रिक शिकवायला सांगितलं. पर्यायांत सगळ्यात लहान वाक्य असेल तेच बरोबर धरायचं, अशी ती ट्रिक होती. बाईंनी फळ्यावर ती ट्रिक लिहिली, तिच्याखाली 'हे खोटं आहे' असं लिहिलं आणि बसनं बेलापूरला परत आल्या. शहराचं नाव नंतर अहिल्यानगर झालं. बाई तरीही 'नगरच्या त्या क्लासात' असंच म्हणत, आणि 'त्या'वर जोर देत.

त्या बुटक्या होत्या. पांढरे कॅनव्हासचे बूट घालत आणि गळ्यात शिट्टी अडकवत. शाळेत इंग्रजीबरोबर कवायतही त्यांच्याकडे होती, तेव्हाची ती शिट्टी. त्यांना 'मॅडम' म्हटलेलं चालत नसे. कुणी म्हटलं तर त्या मागं वळून बघत, जणू पाठीमागं कुणी दुसरीच बाई येऊन उभी राहिली आहे.

लग्नपत्रिकेचं त्यांचं एक प्रकरण होतं. हल्ली पत्रिकेची एक बाजू इंग्रजीत असते. बाईंना आमंत्रण आलं की त्या पत्रिका पेन्सिलीनं तपासत, लग्नाला जात आणि आहेराबरोबर तपासलेली पत्रिका वधूपित्याच्या हातात देत. एकदा एक वधूपिता मांडवातच तापले. लग्न लागलं आता, पत्रिका सुधारून काय उपयोग, असं त्यांनी विचारलं. बाईंनी शांतपणे त्यांच्या धाकट्या मुलीकडे बघितलं.

"हिच्या वेळी होईल," त्या म्हणाल्या.

श्रीरामपुरातले छापखानेवाले बाईंना रस्त्यात टाळत.

कर्ता आणि क्रियापद शिकवायला त्या कासरा वापरत. बैलाचा असतो तो दोर. वाक्य माणसांचं बनवायचं. एक जण ट्रॉली व्हायचा, पुढचे दोघं कांदे, त्यापुढचे तिघं 'काल राहुरीहून भरलेले', आणि पार दुसऱ्या टोकाला क्रियापद. ट्रॉलीच्या हातात कासऱ्याचं एक टोक, क्रियापदाच्या हातात दुसरं. मधले सगळे नुसती गर्दी.

'अ ट्रॉली ऑफ अनियन्स आर वेटिंग,' असं काट्यावरच्या मुलानं वाचलं, तेव्हा बाईंनी त्याला विचारलं होतं की मार्केटच्या गेटवर नंबर कुणाचा लागतो, ट्रॉलीचा की कांद्याचा. तो म्हणाला, ट्रॉलीचा. मग 'आर' कुणाला विचारून आलं, बाईंनी विचारलं.

"कांदं लई दिसले बाई," तो म्हणाला.

हे उत्तर बाईंना फार आवडलं. पुढं कित्येक दिवस, कुणाचं लक्ष मधल्या गर्दीकडे जाऊन कर्ता हरवला, की त्या एवढंच म्हणत: कांदे लई दिसले.

समांतर रचना शिकवण्याचीही त्यांची एक रीत होती. 'त्याला वाचन, लेखन आणि पोहायला आवडतं' अशा ढंगाचं वाक्य फळ्यावर लिहायचं आणि वर्गाला विचारायचं, भरतीच्या मैदानावर चौघं पळतायत, तिघं चड्डी-बनियनवर आणि चौथा सुटात. बाहेर कुणाला काढाल? वर्गात पोलीस भरतीची तयारी करणारे बरेच असत, त्यामुळे उत्तर लगेच यायचं. एका वर्षी मागून आवाज आला, "सुटातला भरती घ्यायला आला आसंल बाई, त्याला कसा काढनार?" बाईंनी त्याला काट्यावर पाठवलं नाही. तो प्रश्न रास्त आहे, असं त्या म्हणाल्या, आणि सुटातला माणूस रांगेत आहे की रांगेबाहेर उभा आहे हे वाक्यात कसं दाखवायचं, त्यावर सगळा तास गेला.

एका रांगेत उभे असाल तर एका मापाचे दिसा, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ते व्याकरणापुरतं नव्हतं. शेडमध्ये कुणी बाकावर आणि कुणी खाली असं बसलेलं त्यांना चालत नसे. बाक सगळ्यांना पुरले नाहीत तेव्हा त्यांनी सगळेच बाहेर काढले.

मी त्या वर्गात होतो ते वर्ष सांगायचं आहे, कारण बेलापूरचे लोक बाईंना ओळखतात ते त्या वर्षामुळे.

त्या वर्षी वर्गात दोन संदीप होते. एक राहुरीकडचा, शांत, पुढं बसणारा. दुसरा बेलापूरचाच, उंच, बडबड्या. बेलापूरच्या संदीपचे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. संदीप त्यांना आप्पा म्हणे, म्हणून आम्हीही म्हणायचो. बँकेच्या कारकुनी परीक्षेचा निकाल लागला. राहुरीचा संदीप पास झाला. बेलापूरचा झाला नाही, आणि घरी ते त्यानं अजून सांगितलं नव्हतं. मीही झालो नाही.

निकालानंतर दोन दिवसांनी चौकात नगरच्या एका अकॅडमीचा फ्लेक्स लागला. तालुक्यात कुणी पास झालं की त्याचा फोटो मिळवून लावायचा, मग तो आपल्याकडे शिकलेला असो वा नसो, हे आता सगळेच करतात. एकच चेहरा एकाच चौकात तीन अकॅडम्यांच्या फ्लेक्सवर मी पाहिला आहे. या अकॅडमीकडे पास झालेल्या संदीपचं नाव होतं, फोटो नव्हता. आमच्या वर्गाचा काट्यावर काढलेला एक ग्रुप फोटो कुणाच्या तरी स्टेटसला होता. त्यातून त्यांनी एक डोकं कापून घेतलं, ते दुसऱ्याच संदीपचं. अकॅडमीत दोघांपैकी कुणीच कधी गेलेलं नव्हतं.

बेलापूरचा संदीप उठून दात घासत होता तेव्हा गल्लीत डीजे येऊन उभा राहिला होता. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. जेसीबीच्या बकेटमधून त्याच्यावर फुलं उधळली गेली. मी त्या गर्दीत होतो. काहीतरी चुकलंय हे त्यानं पहिल्यांदा ज्याला सांगितलं त्यानं आवाजामुळे कानाला हात लावून 'काय?' असं विचारलं. दुसऱ्याला सांगायला तोंड उघडलं तर त्यानं तोंडात पेढा घातला. त्यानंतर मी पाहिलं, खांद्यावर बसल्या बसल्या त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि निकालाचं पान पुन्हा उघडलं. चुकून आपलाच नंबर बघायचा राहिला असेल, अशी त्याला तेवढ्यात आशा वाटली होती. नंबर नव्हता. त्यानं मोबाईल खिशात ठेवला. खाली आप्पा नाचत होते. आप्पांना नाचताना त्याआधी कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांना नाचता येत नव्हतं. दोन्ही हात वर करून ते एका जागी उड्या मारत होते आणि कारखान्याच्या खाकी शर्टाची पाठ गुलालानं भरली होती.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर मिरवणुकीचा फोटो आला. खाली ओळ होती: जिद्दीच्या जोरावर यश.

पुढचे काही दिवस खोटं आपोआप वाढलं, त्यासाठी संदीपला काही करावं लागलं नाही. लोक विचारत, पोस्टिंग कुठं. आप्पाच उत्तर देत, पुन्याकडं आसंल. एका नातेवाईकानं, बँकेत सह्या करायला म्हणून, पेन भेट आणलं. संदीप बाहेर पडेनासा झाला. एका सकाळी तो वर्गावर आला तो पाठीला बॅग लावून. पुण्याला निघालो, असं त्यानं बाईंना हळू आवाजात सांगितलं. एका ओळखीच्या पोराबरोबर कंपनीत पॅकिंगचं काम धरायचं, घरी बँकेत आहे म्हणून सांगायचं. परीक्षेचं विचारल्यावर तो म्हणाला, पास झालेल्या माणसानं पुन्हा परीक्षेला कसं बसायचं.

बाईंनी ऐकून घेतलं. मग हातातल्या शिट्टीनं काट्याकडे खूण केली.

"मला नको सांगूस. तिथं."

संदीप प्लेटवर गेला. खालून आवाज आला. रस्त्यावर एक ट्रॅक्टर हळू झाला, कारण चालकांना या जागेची सवय होती आणि जाता जाता एखादं वाक्य ऐकायला त्यांना आवडे. संदीपनं बॅग काढली नाही.

"मी नापास हाय," तो म्हणाला, "आन गावानं माझी मिरवनूक काढली."

कुणी हसलं नाही. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं.

"बस आता," बाई म्हणाल्या. "दुरुस्ती सगळे मिळून करू."

या वाक्याची दुरुस्ती कशी करायची हे कुणालाच माहीत नव्हतं. अकॅडमीला फोन करावा, असं एकानं सुचवलं. स्टेटस ठेवावं, असं दुसऱ्यानं. निलोफर नावाची मुलगी म्हणाली, आप्पांना एकट्याला बाजूला घेऊन सांगावं, बाकीच्यांशी काय देणंघेणं. बाईंना यातलं काहीच पटलं नाही.

"चूक जिथं छापली तिथंच दुरुस्ती छापायची," त्या म्हणाल्या. "आणि तेवढ्याच आकारात."

मी नंतर बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं. तिथं चूक पहिल्या पानावर आणि दुरुस्ती आतल्या पानाच्या तळाशी असा रिवाज आहे. बाईंचा नियम कुठल्याही संपादकाला मान्य झालेला मी पाहिला नाही.

संदीप म्हणाला की चौकात आपल्या एकट्याचा नापासाचा फ्लेक्स लागला तर आप्पा लाजेनं मरतील.

"एकट्याचा कोण म्हणतंय?" बाई म्हणाल्या. "नापास कोण कोण?"

हात वर व्हायला वेळ लागला. आधी बाईंचा झाला. आम्ही त्यांच्याकडे बघायला लागलो तेव्हा त्यांनी सांगितलं, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, इंग्रजीत. हे त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं, पण कुणी विचारलंही नव्हतं. मग निलोफरचा हात वर झाला, मग माझा, मग बाकीचे.

मजकूर बाईंनी तिथंच फळ्यावर लिहिला. प्रत्येक फोटोखाली नाव, गाव आणि तीन वाक्यं. परीक्षेला बसले. नापास झाले. पुन्हा बसणार. तिन्ही एका मापाची. बाईंचं तिसरं तेवढं 'पुन्हा बसले' असं होतं. त्यावर निलोफर म्हणाली की तिचं तिसरं वाक्य खोटं होईल, कारण ती पुन्हा बसणार नाही. भावाबरोबर तिनं राहुरी रस्त्याला रोपवाटिका सुरू केली होती, टोमॅटोची रोपं गिऱ्हाइकांना आधीच कमी पडत होती. मग तिचा फोटो काढूनच टाकावा, असं तिनं सुचवलं. बाईंनी खडू फिरवत थोडा विचार केला.

"'पुन्हा बसणार नाही' असं लिहायचं. ठणठणीत. 'विचार चालू आहे' असलं काही लिहायचं नाही."

श्रीरामपूरला फ्लेक्स छापायला बाई, संदीप आणि मी गेलो. दुकानदार तरुण होता. त्यानं मजकूर दोनदा वाचला आणि कुणाच्या विरोधात आहे, असं विचारलं. कुणाच्याच नाही, बाई म्हणाल्या. त्यानं कॉम्प्युटरवर एक तयार नमुना उघडला. काळी चौकट, कोपऱ्यात दोन समया.

"ह्येच्यात बसवू का बाई? दुःखाचा एवढा एकच हाय आपल्याकडं."

बाईंनी त्याला अकॅडमीचा फ्लेक्स कुणी छापला ते विचारलं. त्यानंच छापला होता. मग तोच नमुना उघडायला सांगितला. तीच सोनेरी चौकट, तेच अक्षर, तीच गुलाबाची फुलं. वर 'हार्दिक अभिनंदन' होतं. ते काढू का, असं त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, राहू दे.

फोटो लावताना त्यानं सवयीनं बाईंचा मोठा करून मधे घेतला आणि बाकीचे खाली लहान केले, पुढाऱ्यांच्या फ्लेक्सवर असतात तसे. बाईंनी शिट्टी वाजवली. दुकानात, बंद काचेच्या आत. त्यानं घाबरून सगळे फोटो एका मापाचे केले.

रविवारी उपासना आटोपून बाई चर्चमधून थेट चौकात आल्या. दोन खांबांवर अकॅडमीचा फ्लेक्स होता, समोरच्या दोन खांबांवर आम्ही आमचा बांधला. डावीकडून पहिल्या बाई, दुसरी निलोफर, तिसरा मी, आणि अगदी उजवीकडे संदीप. रस्त्याच्या एका बाजूला पास झालेला संदीप आणि दुसऱ्या बाजूला नापास झालेला संदीप, समोरासमोर, एकाच ग्रुप फोटोतलं तेच डोकं. लोक आधी याच्याकडे बघत, मग वळून त्याच्याकडे बघत. चहाच्या टपरीवर गर्दी जमली. जेसीबीवाला म्हणाला, आमची फुलं वाया गेली म्हणायची. ज्यांनी खांद्यावर घेतलं होतं त्यांतला एक चिडला होता. आमाला येड्यात काढलं, असं तो परत परत म्हणत होता. नापास झाल्याचं कसलं अभिनंदन, असं एका वयस्कर माणसानं बाईंना विचारलं. नावं लपवली नाहीत त्याचं, असं बाईंनी उत्तर दिलं. तो पुढं म्हणाला की यानं पोरांची लग्नं जमायची नाहीत. बाई म्हणाल्या, हे वाचून जे माघारी जातील ते आधीच गेलेले बरे.

संदीप फ्लेक्सखाली उभा होता. बाईंनी त्याला तसं सांगितलं नव्हतं. बॅग त्यानं घरी दाराजवळ भरून ठेवली होती. आप्पांनी फ्लेक्स फाडून टाकला तर संध्याकाळच्या गाडीनं जायचं, असं त्यानं मला सांगितलं होतं.

आप्पा पाळी संपवून लुनावरून आले. गर्दी बाजूला झाली. त्यांनी गाडी स्टँडला लावली, आधी एका बाजूला बघितलं, मग दुसऱ्या. तीन वाक्यं वाचायला त्यांना वेळ लागला.

"मंग खरा कंचा?" त्यांनी विचारलं.

"ह्यो," संदीप म्हणाला आणि डोक्यावरच्या फ्लेक्सकडे बोट केलं. "नापासाचा."

आप्पांनी पुन्हा वर बघितलं.

"फोटो ह्यात बरा आलाय," ते म्हणाले, आणि लुनाला किक मारून निघून गेले.

हे रागानं होतं की कशानं, ते कुणालाच सांगता आलं नाही. घरी ते संदीपशी बोलले नाहीत. जेवले, झोपले, पाळीला गेले. बॅग दाराजवळच होती. आणखी दोन दिवस असेच गेले.

तिसऱ्या दिवशी वर्ग चालू असताना काट्यासमोर एक पांढरी गाडी थांबली. अकॅडमीचे शाखाप्रमुख होते, निळा टाय लावलेले. त्यांनी 'मॅडम' म्हणून सुरुवात केली आणि बाईंनी मागं वळून बघितलं. त्या फ्लेक्समुळे संस्थेची बदनामी झाली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. समोरचा अकॅडमीचा फ्लेक्स खोटा आहे असं लोक समजत आहेत. बाईंनी विचारलं, खरा आहे का? ते म्हणाले, मुद्दा तो नाही. वकिलाची नोटीस काढावी लागेल.

"आमच्या फ्लेक्सवर तुमचं नाव कुठं आहे?" बाई म्हणाल्या. "आमची बदनामी आम्ही केलीय. तीही आमच्या फोटोंसकट."

मग ते मऊ झाले. बाईंचा एवढा अनुभव आहे, तो असा रस्त्याच्या कडेला का घालवायचा, पुढच्या वर्षीपासून मार्गदर्शक म्हणून बाईंचा मोठा फोटो घेऊ, असं म्हणाले. फक्त तो फ्लेक्स उतरवा. बाईंनी त्यांना सांगितलं की इथली पद्धत आहे, ज्याला काही सांगायचं असेल त्यानं काट्यावर उभं राहून सांगायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्यांनी प्लेटकडे बघितलं. मग आपल्या बुटांकडे. ते चढले नाहीत. गाडी वळवताना मात्र मागचं चाक प्लेटवरून गेलं आणि खालून नेहमीचा आवाज आला. बाईंनी पाठ फिरवली आणि फळ्यावरचं अर्धं वाक्य पुरं केलं.

त्या वाक्यात चूक कुठं आहे, हे ठरत होतं तेवढ्यात आप्पा आले. लुनाच्या पुढच्या जागेत ती बॅग होती आणि मागं संदीप बसला होता. बॅग बघून मला वाटलं, एसटी स्टँडला सोडायला निघाले आहेत. आप्पांनी गाडी शेडजवळ लावली. संदीपला त्यांनी मानेनं आत जायची खूण केली. तो येऊन त्याच्या जागेवर बसला.

आप्पा बाहेरच थांबले. बाईंनी त्यांना आत यायला सांगितलं. ते म्हणाले, न्हाई, इथली रीत पोरानं सांगितलीय. त्यांनी चपला काढल्या, देवळात काढतात तशा, आणि प्लेटच्या मधोमध जाऊन उभे राहिले. आवाज झाला तसे ते थोडे दचकले. मग खाकी शर्ट खाली ओढून सरळ उभे राहिले आणि रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात बोलले.

"पोराला न इचारता नाचलो. चुकलो." ते थांबले. तिसरं वाक्य हवं हे त्यांना फ्लेक्सवरून माहीत होतं. "पुन्हा नाचनार. पन इचारून."

संदीपनं मान खाली घातली होती.

शेवटचे दोन शब्द मापात बसत नव्हते. आमच्यापैकी कुणी तसं बोललं असतं तर बाईंनी ते तिथल्या तिथं काढायला लावले असते. त्यांनी खडू खाली ठेवला.

"बसा आता," त्या म्हणाल्या.

दुरुस्तीचं त्या काही बोलल्या नाहीत.